घास खाली उतरत नाही

१२ फेब्रुवारी

भावजी,

तुम्ही फोन उचलत नाही, म्हणून शेवटी कागद घेऊन बसले. पत्ता मावशींकडून मिळवला. आधी त्यांनी बरेच आढेवेढे घेतले, पण दिला. त्यांच्यावर रागावू नका.

इकडे ठीक आहे. ठकी आता पूर्ण वेळ दुकानात असते. जळालेले पंखे, पंप, मिक्सर, जे येईल त्यातल्या तारेचं वाइंडिंग स्वतः भरते. गिऱ्हाईक आधी विचारतं, "वडील कुठायत?" मग तिचा हात बघून गप्प बसतं. तुम्ही तिला ठकी नाव ठेवलंत तेव्हा ती पाळण्यात होती, आता माझ्यापेक्षा वीतभर उंच आहे.

ह्यांच्या पोटाची थोडी कुरकुर चालू आहे. अॅसिडिटी म्हणतात. दोन घास खाल्ले की पोट टच्च होतं. गोळ्या चालू आहेत. वय झालं की काही ना काही निघायचंच.

ते तुमची आठवण काढतात. म्हणून लिहिलं, बाकी काही नाही.

तुमची वहिनी

३ मार्च

भावजी,

मागच्या पत्रात मी सगळं नीट लिहिलं नव्हतं. तुम्हाला घाबरवून बोलवून घेतेय असं वाटायला नको, म्हणून हात आखडता घेतला.

अॅसिडिटी नाही. ह्यांनी सकाळी खाल्लेलं संध्याकाळी उलटून पडतं, आणि ते जसंच्या तसं असतं. परवा उलटीत आदल्या दिवशीची गाजराची फोड दिसली. मी बादली घेऊन उभी होते. दोघांनीही ती बघितली. कुशीवर वळले की पोटात पाणी डुचमळल्याचा आवाज येतो, अर्धी भरलेली घागर कुणी उचलावी तसा. पाठीला पोट लागलंय, आणि तेच पोट वरच्या बाजूला मात्र फुगलेलं. पट्ट्याला खिळ्यानं नवं भोक पाडलं, मग त्याच्याही आत आणखी एक.

सोमवारी दुकानात मोटरीत कॉइल बसवताना ह्यांच्या हाताची बोटं वळली ती सरळ होईनात. तार हातात तशीच. ठकीनं एकेक बोट धरून सोडवलं. त्याच दिवशी आम्ही त्यांना जवळजवळ ओढतच दवाखान्यात नेलं.

दुर्बीण घालून बघितलं. आत अन्न इतकं साचलं होतं की आधी ते उपसावं लागलं. पोटातून पुढे आतड्यात जायची जी वाट असते, तिथे गाठ आहे. दुर्बीण पलीकडे जाईना. तुकडा तपासायला पाठवलाय.

मी हे लिहितेय ते ह्यांना माहीत नाही. "त्याला कळवायचं नाही," असं बजावून सांगितलंय मला. मागे लिहिलं होतं ना की तुमची आठवण काढतात, ते मी माझ्या मनानं लिहिलं होतं. ते तुमचं नाव घेत नाहीत. तुम्ही जसं त्यांचं घेत नाही, तसंच.

वहिनी

११ मार्च

भावजी,

कॅन्सर आहे.

शब्द लिहून बघितला. तोंडानं अजून म्हणता येत नाही. ठकी म्हणते, मी "तो आजार" म्हणते.

ह्यांना भरती केलंय. मला वाटलं, आता लगेच कापून काढतील. तर सर्जनबाई म्हणाल्या, एवढ्यात नाही. वयानं ठकीहून फार मोठ्या नसतील, पण खुर्ची ओढून खाटेजवळ बसतात, उभ्या उभ्या बोलत नाहीत. म्हणाल्या, "काका, तुमच्या पोटाचं दार बंद झालंय. किती महिने अन्न खाली गेलेलं नाही. उलट्यांनी अंगातलं पाणी गेलं, क्षार गेले, म्हणून बोटं वळली. ह्या अवस्थेत मी पोट उघडलं तर टाके धरणार नाहीत. आधी पोट रिकामं करू, मग अंगात जीव आणू, मग ऑपरेशन."

हे म्हणाले, "म्हणजे मोटर चालू आहे, पाइप चोक आहे."

बाई हसल्या. "अगदी तसंच."

"मग मोटर जास्त वेळ चालू ठेवू नका. जळते."

त्या पुन्हा हसल्या, मी नाही हसले.

नाकातून एक जाड नळी पोटात घातली आहे. तिचं दुसरं टोक खाटेला टांगलेल्या पिशवीत. पहिल्या दिवशी पिशवीत जे आलं ते तपकिरी, आंबलेलं, कधीचं कोण जाणे. सिस्टर मोठ्या सिरिंजनं पाणी घालते, ओढते, पुन्हा घालते, जसं आपण तुंबलेली मोरी साफ करतो. हे डोळे मिटून पडून असतात. नळीमुळे घसा सोलवटलाय, बोलताना आवाज फाटतो. पण उलटी थांबली. ओकारीशिवाय पहिला दिवस गेला तेव्हा म्हणाले, "बरं वाटतंय गं." इतक्या महिन्यांत हे शब्द ऐकले नव्हते.

हातातून सलाईन चालू आहे. तोंडानं काही नाही, पाण्याचा घोटसुद्धा नाही. ओठ ओल्या कापसानं पुसते. शेजारच्या खाटेवरचे मास्तर ब्रेड दुधात बुडवून खातात, तेव्हा हे मान भिंतीकडे वळवतात. मास्तरांच्या ते लक्षात आलं. आता ते बिचारे व्हरांड्यात जाऊन खातात.

तुम्ही या असं म्हणत नाही. फक्त कळवतेय.

वहिनी

१८ मार्च

भावजी,

हे पत्र नीट वाचा. अर्धवट वाचून ठेवू नका, हात जोडते.

सर्जनबाईंनी सांगितलं, आता दुसरी नळी. पहिली उपसायची, ही भरवायची. बारीक असते. दुर्बिणीच्या मदतीनं गाठीच्या फटीतून पलीकडे, थेट आतड्यात सरकवायची आणि तिच्यातून थेंब थेंब पातळ अन्न सोडायचं. दोनतीन आठवडे असं पोसलं की अंग ऑपरेशनला तयार होईल.

हे म्हणाले, "नको."

बाईंना वाटलं, घशाच्या त्रासाला कंटाळलेत. त्यांनी समजावलं. ह्यांचं तेच, नको. शेवटी त्यांनी विचारलं, "काका, कारण काय?"

तर म्हणाले, "आईला नाही घालू दिली. मग मी कुठल्या तोंडानं घालून घेऊ?"

भावजी, आता मला हे लिहावंच लागतंय. आईंना अर्धांगाचा झटका आला, गिळणं गेलं, तेव्हा तुम्ही लांब होतात. डॉक्टरांनी नळी घातली, ती आईंनी दोनदा उपटून काढली. दुसऱ्या वेळी नाकातून रक्त आलं. ह्यांनी त्यांचे हात खाटेला बांधायला नकार दिला. डॉक्टरांना म्हणाले, राहू दे, घरी नेतो. आईंच्या जिभेवर बोटानं मध लावत बसायचे. तुम्ही आलात ते आई गेल्यावर. आणि सगळ्या नातेवाइकांसमोर म्हणालात, "दादानं आईला उपाशी मारलं."

तुम्ही दुःखात बोललात, मला तेव्हाही कळलं होतं. पण ह्यांनी ते वाक्य गिळलं आणि ते आजपर्यंत खाली उतरलेलं नाही.

सर्जनबाई म्हणाल्या, "आजींचं शरीर परत फिरणार नव्हतं. तुमचं फिरू शकतं. दोन्ही गोष्टी एक नाहीत." बरोबरच होतं. पण ते बाईंनी सांगून उपयोग नव्हता. ते एकाच माणसानं सांगायला हवं होतं, आणि तो माणूस फोन उचलत नाही.

म्हणून मी खोटं बोलले. दुपारी घरून आले, पिशवी खाली ठेवली आणि म्हटलं, "भावजींचा फोन आला होता. म्हणाले, दादाला सांगा, हट्ट करू नको, नळी घालून घे. आईचं वेगळं होतं, म्हणाले."

हे माझ्याकडे बघत राहिले. मी उगाच चादर झटकून नीट करायला लागले.

"त्यानं फोन केला?"

"हो."

"स्वतःहून?"

"हो, तर मग."

त्यांनी नाकातली नळी बोटानं चाचपली. मग म्हणाले, "बोलाव त्या बाईंना."

नळी गेली. पहिल्या खेपेला फटीतून सरकेना, दुसऱ्या दिवशी पुन्हा प्रयत्न केला तेव्हा पलीकडे पोहोचली. आता दुधासारखं काहीतरी पंपातून थेंब थेंब उतरतंय.

तुमच्या नावानं मी बोलले. तुम्हाला न विचारता. राग आला तर माझ्यावर काढा. पण कधी त्यांच्याशी बोलणं झालंच, तर मला खोटं पाडू नका. आणि ते खरं करणं अजूनही तुमच्या हातात आहे.

वहिनी

६ एप्रिल

भावजी,

उत्तर नाही. ठीक आहे.

ह्यांच्या गालांची वर आलेली हाडं जरा झाकली गेलीत. रक्ताचे आकडे सुधारलेत असं बाई म्हणतात. सकाळ-संध्याकाळ पंपाची गाडी ढकलत व्हरांड्यात चालतात. पंप मधूनच पीं-पीं करून बंद पडतो. सिस्टरला यायला वेळ लागतो. परवा ह्यांनी स्वतःच तो उलटा करून बघितला, नळीचा पीळ काढला आणि चालू केला. सिस्टर ओरडली. हे म्हणाले, "बाई, माझं अख्खं आयुष्य पंपात गेलंय." आता वॉर्डात कुणाचाही पंप ओरडला तरी लोक ह्यांना हाक मारतात.

ठकी रोज दुकान बंद करून येते आणि दिवसभराचं काम सांगते. एक दिवस मोठा पंप चुकीचा भरला तिनं, चालू करताच धूर निघाला. रडवेली होऊन सांगत होती. हे इतके हसले की नाकातली नळी धरावी लागली. "माझ्या पहिल्या पंपानं तर छप्पर पेटवलं होतं," म्हणाले. खरं होतं का ते, देव जाणे. तुम्हाला माहीत असेल.

त्या फोनबद्दल एकदाही विचारलं नाही. मीही विषय काढत नाही.

ऑपरेशनची तारीख ठरली आहे, सोळा. मला आशा वाटायला लागली आहे, भावजी, आणि त्याचीच भीती वाटते.

वहिनी

१९ एप्रिल

भावजी,

काढता आलं नाही.

आधी छोटं छिद्र पाडून कॅमेऱ्यानं बघणार होते. बाहेर बाकावर मी आणि ठकी. ठकीनं घरून थर्मासमध्ये चहा आणला होता, आम्ही तो उघडला नाही. सांगितलं होतं, सगळं ठीक असलं तर संध्याकाळ होईल. बाई दुपारीच बाहेर आल्या. त्यांना लवकर आलेलं बघून ठकी खुश झाली, "आई, झालं वाटतं!" मी थर्मास उचलून पिशवीत ठेवला. मला कळलं होतं.

पोटाच्या आतल्या अस्तरावर दाणे पसरलेत. स्कॅनच्या फोटोत ते दिसले नव्हते, एवढे बारीक होते. बाई म्हणाल्या, अशा वेळी पोट काढण्यात अर्थ नसतो, माणसाला फक्त त्रास होतो. मग त्यांनी गाठ तिथेच ठेवली आणि पोटाला खालचं आतडं जोडून दुसरी वाट करून दिली. म्हणजे बंद दार बंदच, बाजूनं एक खिडकी. "ते तोंडानं खाऊ शकतील. काही महिने तरी," बाई म्हणाल्या. त्यांनी माझा हात धरला होता. आता वाटतं, त्यांनाही कुणाचा तरी हात हवा असेल.

ठकीनं विचारलं, "मग इतके दिवस ती नळी, ते सगळं, कशासाठी?"

"त्याशिवाय हेसुद्धा करता आलं नसतं," बाई म्हणाल्या.

ठकी उठून जिन्याकडे गेली. मी तिच्यामागे गेले नाही.

शुद्धीवर आल्यावर ह्यांनी पोटावरची पट्टी चाचपली. म्हणाले, "एवढीशीच?" मी काही बोलायच्या आत त्यांनीच मान हलवली.

वहिनी

२५ मे

भावजी,

आम्ही घरी आहोत. दोन्ही नळ्या निघाल्या. किमोचं औषध सुरू केलं होतं, पण पहिल्याच खेपेला इतके कोसळले की बाईंनी थांबवलं.

ते जेवतात, एवढं सांगायला लिहितेय. चार चमचे मऊ भात, थोड्या वेळानं पुन्हा चार चमचे. सूप. पिकलेलं केळं कुस्करून. पहिल्या दिवशी चमचा तोंडात घेऊन कितीतरी वेळ तसेच बसले. मी म्हटलं, "गिळा ना." म्हणाले, "थांब, घाई कसली आहे?" मग गिळला आणि मी आणि ठकी त्यांच्या गळ्याकडे बघत राहिलो, परत येतो की काय म्हणून. नाही आला.

एकदा दुकानातही जाऊन आले. ठकीनं खुर्ची ठेवली होती. वार्निशचा वास छातीभर घेतला, तिनं भरलेली एक मोटर कानाला लावून ऐकली आणि "चालेल" म्हणाले. त्यांच्या तोंडून ही मोठी शाबासकी, तुम्हाला ठाऊक आहे.

काल मी भरवत होते तेव्हा अचानक म्हणाले, "त्याचा फोन आलाच नव्हता."

माझ्या हातातला चमचा तसाच राहिला.

"कधी कळलं तुम्हाला?"

"तेव्हाच. त्याचा फोन आला असता तर तू रडत आली असतीस. तू चादर झटकत होतीस."

"मग नळी का घालून घेतलीत?"

"तू कधी खोटं बोलत नाहीस. बोललीस, म्हणजे पाणी गळ्याशी आलं होतं तुझ्या." मग म्हणाले, "दे तो चमचा. हात दुखेल तुझा."

भावजी, ह्यात तुम्हाला बोल लावायचा नाहीये. पण आता पोट पुन्हा फुगायला लागलंय. ह्या वेळी अन्नानं नाही, पाण्यानं. यायचं असेल तर या.

वहिनी

३० जून

भावजी,

हे गेले. मंगळवारी सकाळी, घरीच. ठकी उशाशी होती, मी पाय चेपत होते.

शेवटच्या पंधरवड्यात आतडी खालीही ठिकठिकाणी बंद झाली. पुन्हा उलट्या सुरू झाल्या. सर्जनबाई घरी आल्या, आपणहून. म्हणाल्या, पोट उपसायची नळी घालता येईल, उलट्यांचा त्रास कमी होईल. शिरेतून पोषण देता येईल, त्यानं थोडे दिवस वाढतील, बरं काही होणार नाही. ह्यांनी मान हलवली. नाही. बाईंनी माझ्याकडे बघितलं, कारण ह्यांना ग्लानी होती आणि त्यांना घरच्या माणसाचा होकार हवा होता. मीही नाही म्हटलं. दुखण्याचं आणि उलटीचं औषध तेवढं सुईनं चालू ठेवलं. ते "नाही" म्हणायला किती बळ लागतं, हे मला त्या दिवशी कळलं. आईंच्या वेळी मी ह्यांच्या मागे उभी होते, पण म्हणणारे ते एकटे होते.

आता तुमच्या पत्राबद्दल.

ते शनिवारी पोहोचलं. पाकिटावरचं अक्षर बघून दारातच फोडून वाचलं. तुम्ही लिहिलं होतंत, दादाला सांगा, आईचं त्यानं जे केलं ते बरोबर केलं, मी तिथे नव्हतो याचा राग मी त्याच्यावर काढला. जुलैअखेर सुट्टी मिळतेय, येतो.

मी धावत आत गेले. हे जागे होते, पण डोळ्यांवर औषधाची झापड. चष्मा लावायला गेले तर नाक दुखतं म्हणाले. म्हणून मी मोठ्यानं वाचून दाखवलं, पहिल्या शब्दापासून तुमच्या सहीपर्यंत. ह्या वेळी मी रडतही होते, भावजी. धाय मोकलून रडत होते.

त्यांनी सगळं ऐकलं. ओठ हलले म्हणून मी कान जवळ नेला.

म्हणाले, "छान लिहिलंस."

मी म्हटलं, "अहो, मी नाही लिहिलं. भावजींचं पत्र आहे हे. खरंच आलंय. हे बघा, त्यांचं अक्षर बघा." कागद डोळ्यांसमोर धरला. ठकीला हाक मारली. तिनंही सांगितलं, "बाबा, काकाचंच आहे, खरंच." त्यांनी आमच्या दोघींकडे आळीपाळीनं बघितलं आणि माझा हात थोपटला, लहान मूल काहीतरी पटवून देत असलं की थोपटतात तसा. मग डोळे मिटले.

रविवारी, सोमवारी पुन्हा सांगितलं. तेव्हा त्यांना ऐकू येत होतं की नाही, कुणास ठाऊक.

हे तुम्हाला कळवू नये असं ठकीचं म्हणणं होतं. "काका आयुष्यभर कुढेल," म्हणाली. मी दोन दिवस विचार केला. पण तुम्ही आल्यावर विचाराल, "दादा काय म्हणाला?" आणि मी चादर झटकत काहीतरी गोड रचून सांगेन. ते आता माझ्याच्यानं होणार नाही.

जुलैअखेर या.

तुमची वहिनी